एक मूठ मोकळी

सव्वीस वर्षं मेण ओतणाऱ्या बाईला बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने एकच विनोद केला. "लोक आगीतून फुफाट्यात पडतात, ही थेट बर्फात पडली!" पहिल्या तिघांना तिने हसून दाद दिली. चौथ्याला म्हणाली, "हा झाला. नवा असेल तर सांग."

तिला सगळे मेणमावशी म्हणत. बुटकी, ठसठशीत बाई. डाव्या हाताच्या दोन बोटांवर जुन्या चटक्यांचे गुळगुळीत डाग, आणि चालणं असं की जणू मागे कोणीतरी घड्याळ धरून उभं आहे. तिची उमेदीची वर्षं गेली तो मेणबत्त्यांचा कारखाना म्हणजे बसक्या छपराची एक लांबोडकी खोली होती. दोन मोठी पातेली, भिंतीला टेकून ठेवलेले पत्र्याचे साचे, दोरीवर वाळत घातल्यासारख्या वाती. एका चौकटीत बारा साचे. पातेल्यातलं मेण पाण्यासारखं पातळ झालं की ती लांब दांड्याच्या डावाने ते साच्यांत ओतायची. काठोकाठ.

पण खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. मेण थिजायला लागलं की ते अंग चोरतं. अर्ध्या तासात प्रत्येक साच्याच्या मधोमध खळगा पडतो. तिथे तारेने भोक पाडायचं आणि पुन्हा ओतायचं. नाही ओतलं तर मेणबत्ती वरून गोंडस आणि बुडाशी पोकळ. तिचा म्हातारा मालक म्हणायचा, "मेण दगाबाज असतं, बाई. भरलेलं दिसतं, पण भरलेलं नसतं." हे वाक्य तिने मनात असं कोरून घेतलं होतं, की घरी डब्यात तांदूळ भरला तरी डबा दोनदा आपटून वरून आणखी मूठभर घातल्याशिवाय तिला चैन पडायची नाही.

मग मालकाचे गुडघे गेले, कारखाना बंद झाला आणि मेणमावशी घरी बसली.

घर लहान. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. सून जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सासू-सुनेचं चांगलं होतं, पण दोन महिन्यांत मेणमावशीने स्वयंपाकघरातले डबे तीन वेळा नव्याने लावले. तिसऱ्या वेळी सून म्हणाली, "आई, मला साखर शोधायला आता नकाशा लागतो."

"मग मी काय करू? हात शिवशिवतात."

"हातांना नोकरी शोधा."

सून हे गमतीने बोलली होती. सासूने ते मनावर घेतलं. आठ दिवसांत तिने बर्फाच्या कारखान्याच्या मालकीणबाईंपुढे जाऊन सांगितलं, "मला साचे भरता येतात. सव्वीस वर्षं भरलेत."

मालकीणबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. टाकीवर आजवर एकही बाई कामाला नव्हती. पण भरणारा माणूस नुकताच सोडून गेला होता आणि उन्हाळा तोंडावर होता. "एक महिना बघू," त्या म्हणाल्या. "महिन्याच्या शेवटी मिस्त्री हो म्हणाले तर कायम. नाही म्हणाले तर राम राम."

म्हणजे सगळं मिस्त्रीच्या हो-नाहीवर आलं. आणि मिस्त्री हा माणूस दिवसाला पन्नास शब्द बोलणारा. त्यातले चाळीस यंत्राशी.

कारखान्याची मुख्य गोष्ट म्हणजे टाकी. जमिनीत अर्धी पुरलेली, खोलीएवढी, वर लाकडी झाकणांची रांग. झाकणं म्हणजेच जमीन. त्यांच्यावरूनच सगळे चालत. टाकीत खारं पाणी. त्याच्यातून अमोनियाच्या नळ्या फिरत, त्या पाण्याला गारठवत. शून्याच्या खाली दहा-बारा अंश उतरलं तरी ते पाणी गोठत नसे. आणि त्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेले पत्र्याचे उंच डबे. डब्यांत साधं, गोडं पाणी. बाहेरचं खारं पाणी आतल्या पाण्याची ऊब ओढून घेई आणि दीड-दोन दिवसांत डब्यात बर्फाची लादी तयार होई.

पहिल्या दिवशी मिस्त्रीने तिला रबरी नळी हातात दिली. प्रत्येक डब्याच्या आत, काठापासून एक मूठ खाली, खिळ्याने ओरखडून केलेली एक खूण होती.

"खुणेपर्यंत," मिस्त्री म्हणाला.

"आणि मग?"

"मग पुढचा."

झालं शिक्षण. मेणमावशीने खुणेपर्यंत भरलं. मिस्त्री मागे उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी भरलं, तिसऱ्या दिवशी भरलं. पण प्रत्येक डब्यागणिक ती वरची मूठभर रिकामी जागा तिच्या डोळ्यांत खुपत होती. गिऱ्हाईक पूर्ण लादीचे पैसे देतं आणि आपण त्याला मूठभर कमी देतो? मापात पाप? आणि गोठल्यावर ते आणखी खाली बसणार ते वेगळंच! मिस्त्री बोलत नाही त्याचं कारण आता तिला कळल्यासारखं झालं. लबाड माणूस कमीच बोलतो.

तिची पाळी दुपारची. भरायचं, झाकायचं, घरी जायचं. लाद्या निघत पहाटे, त्या काढायचा पैलवान. पैलवान हे त्याचं नाव नव्हतं, तो त्याचा देह होता. चार जणांची टोळी घेऊन तो डबे वर ओढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा, आकड्याने लादी ओढून गाडीत चढवायचा. दुपारी तो घरी निघायचा तेव्हा ती यायची. दोघांची गाठ दारात, तीही जेमतेम एका टोमण्यापुरती.

"काय मावशी, आज किती मेणबत्त्या?"

"तुझ्या डोक्यात उजेड पडेल इतक्या."

तेराव्या दिवशी मिस्त्रीच्या लेकीला मुलगी झाली. मिस्त्री दोन आठवड्यांची रजा टाकून निघाला. निघताना त्याने यंत्राकडे प्रेमाने पाहिलं, मेणमावशीकडे काळजीने पाहिलं आणि म्हणाला, "महिना संपायच्या आत येतो. बाई, तुम्ही फक्त खुणेपर्यंत."

"जा हो तुम्ही निवांत," ती म्हणाली.

आणि त्याच दुपारी तिने डबे काठोकाठ भरले.

एक गोष्ट नक्की: हे तिने आळसाने किंवा चुकून केलं नाही. तिला त्या दिवशी फार बरं वाटत होतं. इतक्या दिवसांची टोचणी गेली होती. चार तासांनी, घरी जायच्या आधी, तिने जुन्या सवयीने झाकणं उचलून पाहिलं. मेण असतं तर एव्हाना खळगा पडला असता. इथे डबे अजून काठोकाठ! तसूभरही खाली बसलेले नाहीत. "किती गुणी पाणी," ती मनाशी म्हणाली. काठावरून सूक्ष्म ओघळ टाकीत उतरत होते, पण टाकीत सगळंच ओलं. ओल्यात ओलं कोणाला दिसणार?

पाच-सहा दिवस बरे गेले. मग लाद्या बिघडायला लागल्या.

आधी मासळी बाजारातून निरोप आला, की लादी फोडली तर आतून पाणी निघालं. मग सरबतवाला स्वतः आला. हातात टोपली, टोपलीत अर्धवट बर्फ. "हे काय आहे? बर्फ म्हणावा की ओला दगड? मला बर्फ विका, पाणी माझ्या नळाला येतं." दीड दिवसाची लादी दोन दिवस झाले तरी मधून कच्ची राहत होती. यंत्र रात्रंदिवस धडधडत होतं आणि टाकी काही गारठत नव्हती.

मालकीणबाईंनी फोनवर मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, फोन यंत्राजवळ धरा. पैलवानाने दोन मिनिटं फोन कॉम्प्रेसरला ऐकवला. पलीकडून मिस्त्री म्हणाला, "आवाज ठणठणीत आहे. यंत्राला काही झालेलं नाही. झाकणं कोणी उघडी टाकतंय का?"

एवढं पुरे होतं. झाकणं रोज उघडायचा तो पैलवान. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी टोळीला सगळ्यांसमोर झापलं. पैलवान तांबडालाल झाला. दुपारी दारात मेणमावशी भेटली, आणि तिनेही जखमेवर मीठ चोळलं.

"गार वाऱ्यात गप्पा मारायला बरं वाटतं, नाही का? पण झाकण लावायला हात दुखतात."

"मावशी, देवाशपथ, एक झाकण उघडं नसतं," पैलवान म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "उलट आमचंच काम वाढलंय. तुमच्या लाद्यांना हल्ली टोप्या येतात. डबे एकमेकांना चिकटतात. हातोडीने टोपी फोडल्याशिवाय डबा वर येत नाही."

"टोप्या म्हणे! कारणं सांगायला कोणी तुझ्याकडून शिकावं," म्हणून ती आत गेली.

संध्याकाळी सून जमिनीवर वह्यांचा ढीग मांडून बसली होती. घटक चाचणीचे पेपर. मेणमावशी भाजी निवडत निवडत दिवसभराचं सगळं सांगत होती. सरबतवाला, फोनवर ऐकवलेलं यंत्र, पैलवानाची कारणं. सून "हं, हं" करत लाल पेनने खुणा करत होती.

"आणि म्हणे, लाद्यांना टोप्या येतात!"

सुनेचं पेन थांबलं. "कसल्या टोप्या?"

"मला काय माहीत. वर फुगवटा येतो म्हणे. हातोडीने फोडतात."

"आई, डबे कुठपर्यंत भरता तुम्ही?"

"काठोकाठ," मेणमावशी अभिमानाने म्हणाली. "तो मिस्त्री कमी भरायचा. मी नाही कोणाला कमी देत."

सून तिच्याकडे बघत राहिली. वर्गात एखाद्या हुशार पोराने भलतंच उत्तर दिल्यावर शिक्षक बघतात, तसं. मग तिने ढिगातला एक पेपर काढून वाचून दाखवला. "'पदार्थ तापवला की पसरतो, थंड केला की आकुंचन पावतो.' बरोबर की चूक?"

"बरोबर. सव्वीस वर्षं रोज बघितलंय."

"मी याला अर्धाच गुण दिलाय. पाणी गोठताना वेगळं वागतं, ते यात लिहिलं नाही."

"पाणी काय आभाळातून पडलंय?"

"हो," सून म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण मेणमावशीचं हसू लवकर विरलं.

पुढे वाद न घालता सून उठली. सारख्या मापाच्या दोन वाट्या काढल्या. मेणमावशीच्या पेटीत उरलेलं थोडं मेण होतं, ते वितळवून एकीत काठोकाठ ओतलं. दुसरीत पाणी, तेही काठोकाठ. मेणाची वाटी ओट्यावर ठेवली, पाण्याची फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. जेवणं होईतो मेणात ओळखीचा खळगा पडला. त्यात नवल काहीच नव्हतं.

सकाळी चहाच्या आधी मेणमावशीने कप्पा उघडला. वाटीतल्या पाण्याला मधोमध टेंगूळ आलं होतं. काठावरून ओघळलेलं पाणी वाटीच्या बुडाशी गोठून वाटी कप्प्याला चिकटली होती. तिने टेंगळावरून बोट फिरवलं. गार, गुळगुळीत, आणि काठाच्या चांगलं वर. जे खाली बसायला हवं ते वर आलं होतं.

"कुठून आलं गं हे जास्तीचं? मी तर वरून काही घातलं नाही."

"पाणी तेवढंच आहे. वजन केलं तर एक थेंबही जास्त भरणार नाही. फक्त जागा जास्त घेतं." सून शाळेचा डबा भरत बोलत होती. "मधल्या सुट्टीत मुलं कशी एकमेकांच्या अंगावर पडत असतात? मैदानाच्या एका कोपऱ्यात अख्खी शाळा मावते. तीच मुलं कवायतीला हात लांब करून उभी केली की मैदान पुरत नाही. पाण्याचे कण गोठताना तसे हात लांब करून उभे राहतात. त्यांची रचनाच तशी."

"आणि मेण?"

"मेणाचे कण गारठले की अंग चोरून, एकमेकांना बिलगून झोपतात. बहुतेक पदार्थ तसेच."

मेणमावशी वाटीकडे बघत राहिली. "म्हणजे त्या मुठीएवढ्या जागेत लबाडी नव्हती."

"नाही. ती फुगणाऱ्या बर्फाची जागा होती."

"मग माझ्या डब्यांतलं वरचं पाणी... ते टाकीत गेलं." तिने फ्रीजचं दार लावलं. "रोज. चाळीस डबे, दहा दिवस. खाऱ्या पाण्यात गोडं पाणी."

सून आता डबा विसरली होती. "आई, टाकीतलं पाणी गोठत नाही ते मिठामुळे. मीठ पातळ झालं की ते पाणीच नळ्यांवर गोठायला लागणार. नळ्यांना बर्फाची गोधडी बसली, की गारवा आतल्या आत कोंडला."

चहा तसाच राहिला. दुपारची पाळी असूनही मेणमावशी सकाळीच कारखान्यात पोहोचली.

पैलवान एक डबा वर ओढत होता. डबा येईना. त्याने हातोडी मारली, शेजारच्या डब्याला चिकटलेला बर्फ तुटला आणि डबा वर आला. मग बुचकळून उलटा केल्यावर लादी सरकन बाहेर आली. तीन आठवडे ती जी भरत होती, ती वस्तू तिने आज पहिल्यांदा तयार झालेली पाहिली. वरच्या टोकाला खरंच टोपी होती. तिरकी, ओबडधोबड. तिच्या प्रामाणिकपणाची टोपी.

तिने एक झाकण बाजूला करून वाकून पाहिलं. खाऱ्या पाण्यातल्या नळ्या काळ्या दिसायला हव्यात, त्या पांढऱ्या जाड झाल्या होत्या.

कोणालाच काही माहीत नव्हतं. महिना भरायला सहा दिवस उरले होते. आजपासून मुकाट्याने खुणेपर्यंत भरलं, कोणीतरी कधीतरी मिठाचं बघितलं, तर गोष्ट आपोआप झाकली गेली असती. तेवढ्यात मालकीणबाई आल्या आणि त्यांनी पैलवानाला हाक मारली.

"उद्यापासून तुमची टोळी नको. मी दुसऱ्या लोकांना सांगितलंय. चार जणांची उन्हाळ्याची कमाई तुम्ही झाकणं लावायच्या आळसापायी घालवलीत."

एवढा मोठा पैलवान, हातातल्या आकड्याकडे बघत राहिला. काल ती त्याला म्हणाली होती ते शब्द मेणमावशीच्या कानात आता तापलेल्या मेणासारखे उतरले.

"थांबा," ती म्हणाली. "मिस्त्रींना फोन लावा. सगळ्यांना ऐकू येईल असा."

फोन लागला. पलीकडे तान्हं बाळ रडत होतं.

"मिस्त्री, खाऱ्या पाण्यात मीठ किती आहे ते कसं बघायचं?"

मिस्त्री म्हणाला, "यंत्राच्या खोलीत खिळ्याला काचेची नळी आहे. पाण्यात सोडा. तरंगेल, मीठ जितकं जास्त तितकी वर. तिच्यावर लाल रेघ आहे. ती पाण्याच्या वर दिसली पाहिजे."

पैलवानाने नळी आणली. मेणमावशीने गुडघ्यांवर बसून ती टाकीत सोडली. नळी डुलली, स्थिर झाली.

"कुठे आहे रेघ?"

"बुडाली," ती म्हणाली. "चांगली दोन बोटं खाली."

बाळाच्या रडण्यावर आवाज चढवून मिस्त्री म्हणाला, "मीठ आधीच जेमतेम होतं, मी आल्यावर घालणार होतो. पण दोन बोटं? टाकीत गोडं पाणी आलं कुठून?"

"माझ्याकडून."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती उठून उभी राहिली. हात ओले, गुडघे ओले. "मी तुमच्या खुणेच्या वर भरलं, मिस्त्री. रोज, काठोकाठ. मला वाटलं तुम्ही गिऱ्हाईकाला कमी देता. मेणाला खळगा पडतो, तसा इथेही पडेल असं वाटलं. पण पाणी फुगतं. ते मला आज सकाळी, आमच्या फ्रीजमध्ये कळलं. झाकणं कोणी उघडी टाकली नाहीत. या माणसांचं काही चुकलेलं नाही."

मालकीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाई, तुम्हाला सांगितलं होतं ना, खुणेपर्यंत?"

"सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. पण सांगितलेलं ऐकायला हवं होतं. जा म्हणालात तर जाते."

"आता कोणी कुठे जायचं नाही," फोनमधून मिस्त्रीचा आवाज आला. पन्नास शब्दांचा माणूस त्या दिवशी महिन्याचा कोटा वापरत होता. "आधी टाकी. अमोनिया बंद करा, खारं पाणी ढवळणारा पंखा चालू ठेवा, नळ्यांवरचा बर्फ सुटू द्या. मग मीठ. गोदामात आठ पोती आहेत. एकदम ओतू नका. पंख्याच्या तोंडाशी, थोडं थोडं. प्रत्येक पोत्यानंतर नळी सोडा. आणि बाई..."

"हो?"

"तुम्हीच सोडा नळी. आता तुम्हाला रेघ कळते."

दोन दिवस ती तिथेच होती. घरी फक्त आंघोळीला आणि झोपायला. पोती पैलवानाने वाहिली, मीठ तिने सोडलं. मूठ मूठ, चाळून, जसं कढईत पीठ भुरभुरावं. पहिल्या पोत्यानंतर रेघ बुडालेलीच. तिसऱ्यानंतर काठाशी. पाचव्या पोत्यानंतर लाल रेघेने पाण्यातून डोकं वर काढलं, तेव्हा ती एवढ्याने ओरडली, की पैलवानाला वाटलं पडली टाकीत.

चहाच्या वेळी दोघं पोत्यांवर बसले. ती म्हणाली, "परवा तुला नको ते बोलले."

"माझी टोळी गेली असती, मावशी."

"गेली असती."

पैलवानाने जरा विचार केला. "मग चहा तुमच्याकडून."

"आहेच."

"चौघांना. महिनाभर."

"पंधरा दिवस."

"वीस, आणि सोबत बिस्किटं," असं म्हणून पैलवानाने सौदा मिटवला.

पाचव्या दिवशी निघालेली लादी आरपार घट्ट होती. सरबतवाल्याने तिच्यावर बोटाने टकटक करून पाहिलं आणि मान हलवली. एवढीच त्याची शाबासकी.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मिस्त्री परतला. आल्या आल्या तो कोणाशी न बोलता यंत्राच्या खोलीत गेला, मग टाकीवर. काचेची नळी सोडली, रेघ बघितली, झाकणाखाली वाकून नळ्या बघितल्या. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. मेणमावशी रबरी नळी हातात घेऊन रिकाम्या डब्यांच्या रांगेपाशी.

"भरा," मिस्त्री म्हणाला.

तिने पहिला डबा भरायला घेतला. पाणी चढत चढत खुणेला टेकलं. तिने तोटी बंद केली.

मिस्त्रीने डब्यात डोकावलं. "थोडं आणखी सोडा. एवढी जागा रिकामी? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुरकुती हलत नव्हती. कायम करणारा माणूस समोर उभा राहून सांगत होता, आणि मागच्या वेळी याच माणसाचं न ऐकल्यामुळे सगळं झालं होतं.

"नाही सोडणार," ती म्हणाली.

"मी सांगतोय तरी?"

"तुम्ही सांगताय तरी. गिऱ्हाईकाला माप वजनाचं द्यायचं, उंचीचं नाही. गोठलं की हे पाणी वर येणार. ही जागा त्याची आहे."

मिस्त्री मालकीणबाईंकडे वळला. "कायम करा."

मग पुन्हा डब्याकडे बघत, जरा ओशाळल्यासारखा म्हणाला, "माझ्या उस्तादाने मला ही खूण दाखवली तेव्हा मी विचारलं होतं, ही कशाला? तो म्हणाला, बर्फाला श्वास घ्यायला. तीस वर्षं मी तेवढ्यावरच चालवलं. उद्यापासून नवा माणूस आला, की खुणेचं कारण तुम्ही सांगायचं."

"उद्या कशाला, आम्हाला आज सांगा की," पैलवान मागून म्हणाला. टोळी गोळा झाली होती. मेणमावशीने नळी खाली ठेवली आणि मधल्या सुट्टीतली मुलं, कवायतीतली मुलं, सगळं सुनेच्याच शब्दांत सांगितलं. मध्येच दोन ठिकाणी अडली, पण सांगितलं. मिस्त्री यंत्राकडे बघत असल्याचं दाखवत कान देऊन ऐकत होता.

पैलवान कपाळाला आठी घालून विचार करत होता. "म्हणजे पाणी तेवढंच, पण जागा जास्त."

"हो."

"मग एक बादली पाणी आणि एक बादली बर्फ घेतला, काठोकाठ, तर बर्फाच्या बादलीत माल कमी?"

"कमी." हे तिने स्वतःही असं मांडून पाहिलं नव्हतं. तिचे डोळे मोठे झाले. "अरे, म्हणूनच तर बर्फ पाण्यावर तरंगतो! पाण्यापेक्षा हलका ना तो!"

वीस वर्षं रोज चाळीस-चाळीस लाद्या ओढणाऱ्या माणसाने आकडा खांद्यावरून काढला आणि तिच्यापुढे धरला.

"हलका?" पैलवान म्हणाला. "मावशी, हा घ्या, एक लादी गाडीपर्यंत ओढा. आणि मग परत एकदा सांगा."